धाकट्यासाठी पहिला वस्तरा

धाकट्या भावाच्या वाढदिवसाला सहा आठवडे होते तेव्हा हे काम हातात घेतलं. माझा वस्तरा तो गेली दोन वर्षं उघडून बघतो, अंगठ्याने पाठ चाचपतो आणि मिटून परत ठेवतो. यंदा त्याला स्वतःचा द्यायचा होता. बजेट बेताचं. वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा नवाकोरा घ्यावा तर पट्ट्याला, म्हणजे दाढीआधी धार ताजी करायला पातं ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्याला, काही उरत नाही, आणि पट्ट्याविना वस्तरा चार-पाच दाढ्यांत अडून बसतो. म्हणून आधीच ठरवून टाकलं, की निम्मे पैसे धारेला आणि पट्ट्याला, उरतील त्यात वस्तरा. नवशिका वस्तरा सोडतो तो बहुतेक वेळा धार नसल्यामुळे. केस ओढले जातात, मग तो जोर लावतो, कापून घेतो, आणि वस्तरा कायमचा कपाटात जातो.

पहिला आठवडा

पेटी, पट्टा, ब्रश असं सगळं एकत्र देणारे स्वस्त संच बघितले आणि बाजूला ठेवले. त्यातली बरीच पाती नुसती वस्तऱ्याच्या आकाराची असतात. पाठ वाकडी, जाडी एकसारखी नाही, दगडावर ठेवलं की डुगडुगतात. चिनी गोल्ड डॉलर वस्तऱ्याचं पोलाद त्या मानाने चांगलं आहे, पण टाचेजवळचा (पात्याच्या मुठीकडच्या टोकाजवळचा) जाड खांदा दगडावर चढतो आणि धार टेकतच नाही. तो घासून काढायला तास न् तास जातात. ज्याला दगडाची आवड आहे त्याने तो जरूर घ्यावा.

बदलत्या ब्लेडच्या शेव्हेटचाही विचार केला. दगड नको, पट्टा नको, खर्च कमी. पण तो हलका असतो, जरा कोन चुकला तरी माफ करत नाही, आणि पातं पट्ट्यावर फिरवायची सवय त्यातून लागत नाही. भावाला तर तीच गोष्ट बघायला आवडते.

दुसरा आठवडा

जुना सोलिंगेन मिळाला. रुंदी ५/८ इंच, पातं पूर्ण पोकळ घासणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेलं, टोक गोल. नवशिक्याला मी हेच माप सुचवेन. पातं आवरायला सोपं जातं, आणि गोल टोक कानाशी किंवा नाकाखाली रुतत नाही. मुठीच्या पुढच्या दांड्यावर ‘जर्मनी’ असा ठसा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे असा ठसा बहुधा त्यानंतरचा.

घेण्याआधी विजेरीच्या उजेडात धार टोकापासून टाचेपर्यंत बघितली. पाठीवरचे गंजाचे डाग चालतात, धारेवरचे चालत नाहीत. तिथला खड्डा आत किती खोल गेलाय ते दगडावर घातल्यावरच कळतं. केसाएवढी चीर दिसली तर वस्तरा तिथेच ठेवून यावं. पाठ दोन्हीकडे सारखी झिजलेली हवी, आणि मिटताना पातं मुठीच्या मधोमध बसायला हवं. पारदर्शक सेल्युलॉइडची मूठ मी टाळली. ते सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लाने पातं गंजतं.

तिसरा आणि चौथा आठवडा

सगळा जीव इथे लागला. पाठीवर इलेक्ट्रिकच्या टेपचा एक थर लावला, म्हणजे दगडाने पाठ झिजत नाही. वस्तऱ्याला कोन धरावा लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की कोन आपोआप बसतो. याची रुंदी साधारण १६ मिलिमीटर, पाठ साडेचार, म्हणजे धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास.

धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करची शाई लावली आणि १००० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) पाच हात फिरवले. मधली शाई गेली, टाचेची तशीच. परत दहा, परत शाई. बोटाचा भार टाचेकडे जरासा सरकवला तेव्हा काळी रेघ टोकापासून टाचेपर्यंत एकसारखी पुसली गेली. त्या क्षणी पाण्याखालच्या पात्याचा आवाजही बदलतो, खरखर जाऊन नुसती सरसर उरते. १००० वर घाई केली तर पुढचे दगड काही दुरुस्त करत नाहीत, म्हणून दोन संध्याकाळी तिथेच घालवल्या. मग ४०००, ८०००, १२०००, दर पायरीला हात हलका करत.

हातावरचे केस कातडीला न टेकता तुटायला लागले, तरी खरी परीक्षा गालावरच. एका गालाची दाढी केली. हनुवटीजवळ किंचित ओढ जाणवली, म्हणून १२००० वर आणखी वीस हात. दुसऱ्या दिवशी दुसरा गाल, आणि फेसाखाली पातं आहे की नाही तेच कळेना. नंतर स्पिरिटने नीट पुसून घेतलं, जुन्या वस्तऱ्याला आणि भेटीच्या वस्तूला ते हवंच.

पाचवा आठवडा

पट्टा तीन इंच रुंद घेतला, म्हणजे पातं तिरकं ओढायला नको. मागे कापड, पुढे चामडं. मुद्दाम स्वस्तातला घेतला, कारण शिकताना पट्टा कापला जातोच. माझ्या पहिल्या पट्ट्यावर अजून तीन चिरा आहेत. टोकाशी पोहोचल्यावर मी पातं धारेवरून उलटवत होतो. ते पाठीवरूनच उलटवायचं, आणि पाठ पुढे, धार मागे.

सोबतच्या चिठ्ठीत एवढं लिहिलं: पहिला आठवडा फक्त गाल, बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने. कातडी ताणून धर, पातं ३० अंशांच्या आसपास, केसांच्या दिशेने. दाढीआधी कापडावर वीस, चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पट्टा ताठ, जोर अजिबात नाही. नळाच्या तोटीपासून जप, एक टक्कर आणि धारेचा तुकडा जातो. पुसून, सुकवून, तेलाचं बोट फिरवून मगच मिटायचा, आणि बाथरूमबाहेर ठेवायचा.

चार दिवस उरलेत. वस्तरा तेल लावून मऊ कापडात गुंडाळलाय, पट्टा न दुमडता गोल गुंडाळी करून पेटीत बसवलाय. पट्ट्यानेही ओढ जाईनाशी झाली की वस्तरा माझ्याकडे आणून दे, धार मी लावीन, हे चिठ्ठीच्या शेवटी लिहिलंय. त्याच्या पहिल्या दाढीची नोंद पुढच्या वेळी टाकतो.