आखाजीआधी मशीनचं ऑइल

अमळनेरच्या बाहेर माझ्या मावसभावाचं लग्नाचं लॉन्स आहे. हिरवळ अर्धा एकर, आणि ती कापायचं मशीन माझ्या ताब्यात. ढकलायचं, पेट्रोलवरचं, रस्सी ओढून चालू होणारं. तुळशीच्या लग्नानंतर जे सुरू होतं ते जूनपर्यंत थांबत नाही.

मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, ऑइल ५० तासांनी बदला. त्याच्याच खाली बारीक अक्षरात आहे : ऊन आणि धूळ जास्त असेल तर २५ तासांनी. आपल्याकडचा एप्रिल सगळा त्या बारीक अक्षरातच बसतो. त्यात या इंजिनाला गाडीसारखा ऑइल फिल्टर नाही. जी घाण पडेल ती त्याच ऑइलमध्ये घुसळत राहणार. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांआधी मी बदलतोच.

परवा सकाळी बसलो होतो तर नाना आले. "काय करी ऱ्हायना रे भो? पेट्रोलमाच टाकी दे ना ऑइल!" नानांची चूक नाही. त्यांचा फवारणीचा पंप टू-स्ट्रोक, त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. हे फोर-स्ट्रोक, याचं ऑइल खाली वेगळं राहतं.

पाच मिनिटं इंजिन चालवलं. कोमट ऑइल पातळ होतं, तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग बंद करून आधी प्लगची टोपी काढली. हे विसरायचं नाही, हाताने पातं फिरलं तरी इंजिन झटका देऊ शकतं, आणि बोटं पात्याजवळच असतात. पेट्रोल जवळजवळ संपवूनच ठेवलं होतं, नाहीतर ऑइल काढायला मशीन आडवं करताना टाकीच्या झाकणातून गळतं.

आता आडवं कुठल्या अंगावर करायचं? एअर फिल्टर वर राहील असं. हे मी मागच्या वर्षी शिकलो. फिल्टर खाली गेला, ऑइल कार्ब्युरेटरमध्ये उतरलं, स्पंजाचा फिल्टर चिंब. रस्सी ओढली तर असा पांढरा धूर निघाला की मंडपवाले शिडीवरून उतरून पळत आले. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवण्यात अख्खा दिवस गेला. वाळल्यावरच बसवला.

या वेळी जुन्या परातीत सगळं काळंभोर ऑइल शांतपणे उतरलं. मशीन सरळ करून नरसाळ्याने नवीन ओतलं. आमच्या उन्हात मी साधं एसएई ३० जाडीचंच वापरतो. माझ्या इंजिनाला ६०० मिली लागतं आणि बाटली येते लिटरची. ती पूर्ण रिकामी करायचा मोह होतो. जास्त झालं तरी धूरच. म्हणून ५०० ओतायचं, थोडं थांबायचं, ऑइल मोजायची काडी पुसून बघायची, मग चमचाभर-चमचाभर.

जळकं ऑइल बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या ड्रमात नेऊन ओततो. गटारीत किंवा बांधावर नाही. पण नानांनी त्यातलं वाटीभर मागून नेलं, आखाजीच्या झोक्याच्या कड्या करकरतात म्हणून. दुपारी मावशीचा फोन. माहेरी आलेल्या माझ्या मावसबहिणीच्या नव्या साडीवर काळा थेंब पडला होता, आणि ऑइल कोणी दिलं हे नानांनी लगेच सांगून टाकलं होतं.