‘आई म्हणाली’ आणि ‘आई म्हणाल्या’

माझ्या मुलाचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. होणारी सून हुबळीची असून तिची मातृभाषा कन्नड आहे. पुण्यात नोकरीला आल्यापासून ती मराठीही उत्तम बोलते, कधी कधी तर माझ्या मुलापेक्षा शुद्ध. याद्या करण्याच्या गडबडीत तिने मला सरळ विचारले, की लग्नानंतर तुम्हा दोघांना मी काय हाक मारू. आमच्या वेळी हा प्रश्न सून सासूला विचारत नसे. थोरली जाऊ जे म्हणत असेल ते धाकटीने उचलायचे, जाऊ नसेल तर नवरा जे म्हणतो ते म्हणायचे, आणि पहिले काही महिने शक्यतो हाक मारण्याची वेळच येऊ द्यायची नाही, असा सर्वसाधारण रिवाज होता. तिने विचारले म्हणून मला उत्तर शोधणे भाग पडले, आणि शोधताना माझ्याच घरातल्या तीन-चार पिढ्यांकडे मागे वळून पाहावे लागले.

माझी आई आपल्या सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे. वास्तविक या दोन घराण्यांत आधीचे कोणतेही नाते नव्हते. लहानपणी मला याचे नवल वाटे, कारण माझी आत्या वेगळी होती, आणि आजी तर आईची आत्या नव्हतीच. या हाकांचे मूळ आते-मामे भावंडांच्या लग्नात आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. असे लग्न झाले की मुलीची सासू ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे सख्खी आत्याच असते, आणि आत्याच्या यजमानांना पुष्कळ मराठी घरांत ‘मामा’च म्हणतात. जावयाच्या बाजूने पाहिले तर त्याचे सासू-सासरे हे त्याचे मामी आणि मामा. पुढे नात्याबाहेर लग्ने होऊ लागली, तरी हाका मात्र त्याच राहिल्या. सातारा-सांगलीकडच्या गावांतून सून सासऱ्याला ‘मामा’ आणि सासूला ‘आत्या’ किंवा ‘आत्ती’ म्हणते, ते याच हिशेबाने.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थेचे जे विभाग मांडले, त्यांत महाराष्ट्र मध्य विभागात येतो, आणि हाकांच्या बाबतीत हे मधलेपण स्पष्ट दिसते. उत्तरेकडे मामाची मुलगी ही बहीण मानली जाते, त्यामुळे तिच्याशी लग्नाची कल्पनाही तिथे खपत नाही. दक्षिणेकडे कन्नडमध्ये ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही, ‘अत्ते’ म्हणजे आत्याही, मामीही आणि सासूही. नात्याला आणि हाकेला वेगळे शब्द लागतच नाहीत. आपण सासू आणि सासरे हे शब्द उत्तरेप्रमाणे स्वतंत्र ठेवले आणि हाका मात्र दक्षिणेकडच्या वळणाच्या मारल्या. कायद्यालाही या चालीची दखल घ्यावी लागली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणींच्या मुलांचे परस्पर विवाह निषिद्ध नात्यांत घातले, पण दोन्ही पक्षांच्या रूढीला ते मान्य असतील तर मुभा ठेवली.

आईच्या आधीच्या पिढीत हाक मारण्यापेक्षा न मारण्याचे नियम अधिक होते. पतीचे नाव घ्यायचे नाही हे सर्वांना ठाऊक असते आणि उखाण्यांमुळे ते लक्षातही राहते. पण सासऱ्यांचे नावही घ्यायचे नाही, ही अट त्याहून जाचक होती, कारण सासऱ्यांचे नाव बहुधा एखाद्या देवाचे असे. माझ्या आजीच्या सासऱ्यांचे नाव विठ्ठल. ती पंढरीच्या देवाला जन्मभर ‘पांडुरंग’ म्हणत आली. आरतीनंतर ‘पुंडलीक वरदा हारी विठ्ठल’ असा गजर झाला की ती गप्प उभी राही आणि ‘श्री ज्ञानदेव तुकाराम’ आले की आपला आवाज मिसळी. सासरे जाऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरीही. आम्ही मुले तिची थट्टा करत असू, पण तिच्या चेहऱ्यावर त्यात काही गैर असल्याचा भाव कधी दिसला नाही.

माझी स्वतःची गोष्ट या मानाने फारच सोपी ठरली, आणि त्याचे श्रेय एकत्र कुटुंबाला आहे. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात लहान दीर होते; ते त्यांना ‘वहिनी’ म्हणत, ते ऐकून सासूबाईंची मुलेही आपल्या आईला ‘वहिनी’ म्हणू लागली, आणि सासरे तर सगळ्या गल्लीचेच ‘अण्णा’ होते. जुन्या घरांतून आईला वहिनी, काकू, अक्का, माई आणि वडिलांना अण्णा, नाना, तात्या, भाऊ म्हणणारी मुले मुबलक असत. त्यामुळे सुनेला एक मोठी सोय आपोआप मिळे. माझी आई ती आई, आणि सासूबाई त्या वहिनी. दोघींची कधी सरमिसळ झाली नाही, आणि ‘मला आई का म्हणत नाहीस’ असे वहिनींनी मला कधी विचारले नाही, कारण त्यांना त्यांच्या पोटच्या मुलांनीही आई म्हटलेले नव्हते.

कुटुंबे चौकोनी झाली, सगळ्या घरांत आई आणि बाबा हे दोनच शब्द उरले, आणि अडचण तिथून सुरू झाली. आता नवरा जे म्हणतो ते म्हणायचे तर आपल्याच आईचा शब्द दुसऱ्या बाईला द्यावा लागतो. काही मुलींना तो सहज देता येतो, काहींच्या घशात अडकतो, आणि मला दोन्ही प्रकार स्वाभाविक वाटतात. ज्या मुलीची आई नुकतीच गेली आहे, तिच्याकडून पहिल्या दिवसापासून ‘आई’ ऐकण्याची अपेक्षा करणाऱ्या सासरबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले होत नाही.

मराठीने या अडचणीतून स्वतःपुरती एक वाट काढलेली आहे, आणि ती मला फार हुशारीची वाटते. माहेरची ती ‘अगं आई’ आणि सासरची ती ‘अहो आई’. संबोधन एकच, पण पुढचे सर्वनाम आणि क्रियापद वेगळे. मुलगी फोनवर मैत्रिणीला ‘आई म्हणाली’ असे सांगते तेव्हा ती जन्मदात्या आईबद्दल बोलत असते, आणि ‘आई म्हणाल्या’ असे सांगते तेव्हा सासूबद्दल; ऐकणाऱ्या मैत्रिणीला ‘कोणती आई’ असे विचारावेच लागत नाही. वडिलांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण बहुतेक घरांत स्वतःच्या वडिलांनाही ‘अहो बाबा’ म्हणतात आणि ‘बाबा म्हणाले’ हे दोघांनाही लागू पडते. मग ‘आमचे बाबा’ आणि ‘तिकडचे बाबा’ असे करावे लागते. हल्ली वडिलांना ‘ए बाबा’ म्हणणारी मुले वाढली आहेत. त्यांच्या पिढीत ‘बाबा म्हणाला’ आणि ‘बाबा म्हणाले’ यांचीही वाटणी होईल.

म्हणूनच मला वाटते की आपण नामावर जितका खल करतो, तितका सर्वनामावर करत नाही, आणि खरे अंतर तर तिथेच ठरते. ‘आई, तुम्ही जेवलात का’ असे म्हणणारी सून आई म्हणत असली तरी एक पायरी खाली उभी असते. ‘काकू, तू जेवलीस का’ असे म्हणणारी सून काकू म्हणत असूनही स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोचलेली असते. माझ्या ओळखीत अशा दोन-चार सासू-सुना आहेत, ज्या ‘तू’वर आलेल्या आहेत. ते कोणी ठरवून केलेले नाही. आजारपणात किंवा बाळंतपणात, रात्री-अपरात्री धावपळ करताना, ‘तुम्ही’ कधी गळून पडले ते त्यांनाही सांगता येत नाही.

काही घरांनी शब्दच वाटून घेतले आहेत. माहेरी आई-बाबा असतील तर सासरी मम्मी-पप्पा, किंवा उलट. हिंदी मालिकांमुळे ‘मम्मीजी’ही शिरू पाहते आहे; ते माझ्या कानाला खटकते, पण खटकण्याचे कारण एवढेच की आपल्याकडे आदर क्रियापदात असतो, त्याला निराळा ‘जी’ जोडावा लागत नाही. परदेशातल्या आमच्या नातलगांकडे तर आणखी गंमत आहे. तिथल्या अमेरिकन सुनेला सासूला नावाने हाक मारण्यात काही वावगे वाटत नाही, सासूला मात्र स्वतःचे नुसते नाव ऐकून दचकायला होते. मग तडजोड म्हणून सूनबाई तिला ‘आई’ म्हणू लागते. ते तिला अजिबात जड जात नाही, कारण तिच्या आईचे नाव ‘मॉम’ आहे आणि ‘आई’ हा तिच्या लेखी सासूच्या नावाचाच एक सुटसुटीत प्रकार आहे.

या सगळ्या चर्चेत जावई कुठे आहे? मला वाटते, तो बराच काळ ओसरीवर पाट मांडून बसलेला आहे. त्याला ‘जावईबापू’ म्हणून अहो-जाहो करायचे, अधिक महिन्यात ३३ अनारशांचे वाण द्यायचे, आणि तो सासू-सासऱ्यांना काय म्हणतो हे मात्र कोणी विचारायचे नाही. ‘काकू’ म्हटले तरी चालते, ‘मामी’ म्हटले तरी चालते, आणि काहीच म्हटले नाही तरी ‘अबोल आहेत हो जावई’ म्हणून कौतुक होते. सुनेने काही महिने काहीच म्हटले नाही तर तिला अबोल म्हणत नाहीत, शिष्ट म्हणतात. पूर्वी तर सुनेचे स्वतःचे नावही सासरचे लोक ठरवीत आणि ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून घेत. आमची सून तिचे नाव बदलणार नाही, हे आधीच ठरले असल्यामुळे तो एक विषय संपलेला आहे.

मला सर्वांत अधिक धास्ती वाटते ती काहीच न ठरण्याची. आपल्या भाषेत ‘अहो’ हा इतका सोयीचा शब्द आहे, की त्यावर माणसे वर्षानुवर्षे निभावून नेतात. सासूबाई समोर येईपर्यंत थांबायचे, नजरेला नजर मिळाली की बोलायला सुरुवात करायची, त्या दुसऱ्या खोलीत असतील तर उठून तिथपर्यंत जायचे, आणि फोनवर ‘हॅलो, मी बोलतेय’ यावर भागवायचे. पुढे मूल झाले की सगळे ‘आजी’ आणि ‘आजोबा’ होतात आणि सुटकेचा निःश्वास सोडला जातो. मुलाच्या आडून मारलेली ही हाक वाईट नाही, पण नातवंड होईपर्यंत, किंवा नातवंड नको असे त्या दोघांनी ठरवले तर कायमच, एका घरातल्या माणसांनी एकमेकांना बिननावाचे ठेवावे हे मला पटत नाही. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे. जी हाक स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत मोकळ्या गळ्याने मारता येईल, ती योग्य.

होणाऱ्या सुनेला मी हेच सांगितले, आणि ‘आई’ म्हणण्याची सक्ती नाही हेही सांगितले. तिने थोडा विचार करून विचारले, ‘मी अत्ते म्हटले तर चालेल का?’ तिच्या घरी तिची आई सासूला तेच म्हणते. माझ्या धाकट्या बहिणीला ते मुळीच आवडले नाही. तिचे म्हणणे असे, की लोकांना वाटेल ही मुलाची मामेबहीण आहे आणि तुम्ही नात्यात लग्न केले. मी तिला आपल्या आईच्या आत्याबाईंची आठवण करून दिली, तेव्हा ती ‘तो काळ वेगळा होता’ असे म्हणाली, पण पुढे वाद घालत बसली नाही. मला स्वतःला हा शब्द आवडला. तो तिच्या तोंडात घोळलेला आहे, तिच्या आईच्या जागेवर त्याचे अतिक्रमण होत नाही, आणि मला त्याच्या उत्तरादाखल ‘ओ’ देणे जड जाणार नाही.

यजमानांचा प्रश्न जरा लांबला. ‘मामा’ म्हणायचे का, असे विचारताच त्यांनी ते साफ नाकारले. पुण्यात मामा म्हणजे चौकातला वाहतूक पोलीस, आणि स्वतःच्या घरात कोणी आपल्याला पाहून हेल्मेट शोधावे हे त्यांना मंजूर नव्हते. ‘बाबा’ म्हणावे असे त्यांच्या मनात होते, पण तिच्या वडिलांना ती ‘अप्पा’ म्हणते, तेव्हा ‘बाबा’ शब्द मोकळाच आहे असे निघाले आणि तिने तो आनंदाने घेतला. म्हणजे आमच्या घरात अत्ते आणि बाबा अशी जोडी होणार. व्याकरणाला आणि नातेशास्त्राला ती मान्य नसेल, आम्हाला आहे.

‘तुम्ही’ की ‘तू’ याबद्दल मी काही बोलले नाही. सध्या ती ‘तुम्ही’ म्हणते, कन्नडमध्येही मोठ्यांना ‘नीवु’च म्हणतात, आणि ही गोष्ट सांगून होणारी नाही.

मुलाला मात्र मी मोकळा सोडलेला नाही. तिने जेवढा विचार केला तेवढा त्यानेही करावा, आणि मोघम ‘अहो’वर वेळ मारून नेऊ नये, असे त्याला सांगितले आहे. त्याच्या सासरी कन्नडच्या नियमाप्रमाणे जावयानेही सासूला अत्ते आणि सासऱ्यांना माव म्हणायचे, म्हणजे त्याला निवडण्याचेही कष्ट नाहीत. पुढच्या आठवड्यात बस्त्यासाठी सगळे हुबळीला जाणार आहोत. त्या दुकानात साड्यांचे ढीग पडलेले असताना, समोरच्या गादीवर बसलेल्या सासूबाईंना त्याने ‘अत्ते’ म्हणून हाक मारायची, असे ठरले आहे. उच्चाराचा सराव होणारी सून त्याच्याकडून रोज करून घेते आहे.