उंबराची फ्लाय आणि चपलेचा बेडूक: आमच्या गटाचं वर्ष

पुण्यातल्या आमच्या फ्लाय-फिशिंग गटाने या वर्षी काय काय केलं ते लिहून काढतो आहे. फ्लाय म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष, आणि लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक दोरा, एवढं सांगून ठेवतो. बाकी रॉड, रील यांची ओळख करून देत बसत नाही. सांगायचंय ते वेगळं. इतकी वर्षं आम्ही परदेशी नदीसाठी बांधलेल्या फ्लाय घेऊन आपल्या तलावांवर जात होतो आणि मासा का लागत नाही म्हणून एकमेकांच्या कास्टिंगला, म्हणजे लाइन फेकण्याला, नावं ठेवत होतो. या वर्षी आधी पाणी पाहायचं, तिथला मासा काय खातो ते पाहायचं आणि मगच दोरा-पिसं हातात घ्यायची असं ठरलं. काही फ्लाय चालल्या, काहींकडे माशांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

जुलै-ऑगस्ट

पावसाळ्यात आमचा गळ बंद. पहिल्या पुरात मासा अंडी घालायला ओढ्या-नाल्यांतून वर चढतो, आणि वळगणीचे मासे धरायला सगळं गाव उतरतं. त्या लोकांना शहाणपण शिकवायला जाऊ नये असं माझं मत आहे. त्यांच्याकडे वर्षातून एकदा तो मासा शिजतो. आमचा मात्र रविवारचा शौक आहे, त्यामुळे नियम आम्हाला.

त्या काळात शाळेच्या मैदानावर सराव चालतो. टिपेटच्या, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा आणि समोर जेवणाच्या जुन्या ताटल्या मांडलेल्या. नव्या लोकांचं मनगट मागच्या कास्टला हटकून लवतं आणि लाइन मागे गवतावर लोळते. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रॉडचा बुडखा शर्टाच्या बाहीत खुपसायचा. मनगट वाकलं की बाही ओढते, वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या गटातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या ताई या एका युक्तीवर दोन रविवारांत सुधारल्या आणि आता बाकीच्यांच्या बाह्या तपासत फिरतात.

रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे लोळवणं, मात्र गवतावर येत नाही. पाण्याने लाइन धरून ठेवली तरच रॉडला बाक येतो. आपल्या धरणांच्या काठावर पाठीशी करवंदीची नाहीतर घाणेरीची जाळी असते, त्यामुळे मागे लाइन टाकायला जागा नसते आणि रोल कास्टवाचून गत्यंतर नाही. म्हणून पाऊस उघडला की बिनगळाची लाइन घेऊन तलावावर जायचं. येणारे-जाणारे विचारतात, "काय धरताय?" आम्ही म्हणतो, "काही नाही." ते मान हलवून पुढे जातात.

संध्याकाळी फ्लाय बांधायची बैठक. हॅकलसाठी, म्हणजे गळाभोवती गुंडाळायच्या पिसांसाठी, गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनच्या दुकानातून फुकट मिळतात. साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची आणि डांबरगोळ्या घालून डब्यात ठेवायची. मोराचं पीस सगळ्यांनाच हवं असतं. आपोआप गळून पडलेलंच वापरायचं, विकत घेताना ते तसंच आहे याची खात्री करायची. राखी रानकोंबड्याचा विषय निघाला की जुने गडी हळहळतात. आपल्या सह्याद्रीतला हा पक्षी. त्याच्या मानेवरच्या मेणचट, पिवळसर ठिपक्याच्या पिसांवर व्हिक्टोरियन काळातल्या सामन माशासाठीच्या फ्लायचा सगळा थाट उभा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि कुणी "माझ्याकडे जुना साठा आहे" म्हणालं तरी आम्ही हात लावत नाही. साध्या पिसावर नेलपॉलिशचा ठिपका दिला की माशाचं काम भागतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: मरळ

पाझर तलावांवर मरळीसाठी निघालो. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने "पुक्" असा आवाज करते. कमळाच्या पानांमधून तो आवाज कुठून येतो त्यावर नजर ठेवायची आणि त्याच्या हातभर पुढे फ्लाय टाकायची.

फ्लाय म्हणजे बेडूक, आणि बेडूक हवाई चपलेचा. झिजलेली चप्पल घ्या, धारदार पाइपच्या तुकड्याने तिच्या तळातून गोल दंडगोल कापून काढा, पुढचं तोंड थोडं खोलगट कोरा, गळाच्या दांड्यावर दोरा गुंडाळून सुपरग्लूने बसवा. मागे दोन पिसांचे पाय. पाणवनस्पतीत अडकू नये म्हणून गळाच्या पुढे जाड नायलॉनचं एक वळण द्यायला विसरू नका. विकतच्या पॉपरपेक्षा (तरंगत्या फ्लायपेक्षा) हा जास्त वेळ तरंगतो, आणि हरवला तर जीव हळहळत नाही. पांढऱ्यापेक्षा निळ्या चपलेचा बेडूक जास्त चालतो असं आमच्यातल्या एका डॉक्टरांचं ठाम म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण त्यांच्या घरात आता कुणाची निळी चप्पल उरलेली नाही.

मरळीने बेडूक उचलला की लगेच झटका द्यायचा नाही. पाणी फुटलं की हात शिवशिवतात. तरी लाइनवर वजन लागेपर्यंत थांबायचं आणि मग लाइन हाताने ओढून गळ बसवायचा. रॉड वर उचलून झटका दिला की बेडूक तोंडातून निसटून थेट आपल्या टोपीवर येतो.

एक नियम या वर्षी गटाने सगळ्यांच्या संमतीने केला. पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिल्लांचा झुबका हलताना दिसला की त्याखाली आई-बाप पहारा देत असतात. तिथे काहीही पडलं तरी ते तुटून पडतात, त्यामुळे त्यांना धरण्यात कसब नाही, आणि ते गेले की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं फस्त करतात. अशा झुबक्यावर कास्ट करायचा नाही. केला तर पुढच्या वेळी सगळ्यांचा नाश्ता त्याच्याकडून.

नोव्हेंबर ते जानेवारी: खाडी

रायगडातल्या खारेपाटात जिताड्यासाठी गेलो. इथे घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. उधाणाच्या दिवसांत पाणी फार गढूळ आणि फार जोरात. भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत हलतच नाही. त्यामुळे मधले दिवस निवडायचे आणि सुकती (ओहोटी) लागल्यावर उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी उभं राहायचं. बांधाच्या आतलं पाणी उघाडीतून खाडीत पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी वाहत येते, आणि जिताडा बाजूच्या संथ पाण्यात तोंड करून बसलेला असतो. फ्लाय त्या दोन पाण्यांच्या शिवेवरून जायला हवी. आत टाकली तर वाहून जाते, बाहेर टाकली तर तो हलत नाही.

आठ वजनाचा (म्हणजे आठ नंबरची लाइन पेलणारा) रॉड, हळू बुडणारी लाइन आणि बॉब क्लाउझरची डोळ्यांत वजन असलेली प्रसिद्ध फ्लाय. ती आम्ही जशीच्या तशी ठेवली, फक्त पांढऱ्या-हिरव्याऐवजी कोळंबीच्या मळकट तपकिरी रंगात बांधली. लीडरच्या टोकाला जाड नायलॉन हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते. आमच्या हाती लागले ते लहानच. एक बऱ्यापैकी मोठा लागला, त्याने दोनदा अंग बाहेर काढलं आणि सरळ तिवरांच्या मुळांत शिरला. तिथून काय परत यायचंय. तांबोशीही एक मिळाली. बोय मात्र आजूबाजूला उड्या मारून मारून वेड लावतात आणि फ्लायला तोंड लावत नाहीत.

बांधावरच्या एका काकांनी विचारलं, "सोडताय कशाला? केवढ्याला जातो ठाऊक आहे का?" ठाऊक होतं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा सोडला तर अंडी सोडल्यासारखं आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. काका म्हणाले, "मग लहान द्या मला." दोन दिले.

चिलापीबद्दल थोडक्यात. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा आता उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे. शेवाळी रंगाची चौदा नंबरची छोटी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, हळूहळू ओढली की घेतो. शिकणाऱ्यांसाठी उत्तम. चिलापी सोडायची की नाही यावर आमच्यात दर वर्षी भांडण होतं. मी न सोडणाऱ्यांपैकी आहे: परका मासा आहे, चवीला बरा आहे, आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसाला दिला तर पुढच्या वेळी तो हसून परवानगी देतो. तलावाचा ठेका कुणाकडे आहे हे विचारल्याशिवाय आणि रीतसर पैसे भरल्याशिवाय आम्ही कुठेच उतरत नाही. कोयनेचा शिवसागर तर अभयारण्यात येतो, त्यामुळे तिकडे रॉड घेऊन जायचं नावही काढू नका.

फेब्रुवारी ते मे: महसीर

या वर्षीची सगळ्यात चांगली सहल रॉड न घेता झाली. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले महसीर देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वरालाही असंच आहे. आम्ही कुरमुऱ्यांच्या पिशव्या घेऊन वाळणकोंडावर दिवसभर बसलो आणि फक्त पाहिलं.

त्या दिवसाने जे शिकवलं ते आम्हाला कुठल्याच व्हिडिओतून कळलं नव्हतं. कुरमुरे पडले की वर लहान मासे झुंबड करतात. मोठे खाली असतात, घाई करत नाहीत. भिजून जड झालेला दाणा बुडायला लागला की ते कुशीवर वळून तो उचलतात आणि परत आपल्या जागी. फुटाणा टाकला की आवाज होतो, आणि त्या "टप्प" आवाजासरशी खालची सावली हलते. आवाज ऐकून येणारा मासा आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

हे एका धरणाच्या फुगवट्यावर जाळं टाकणाऱ्या कातकरी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग उंबराखाली बसा की. फळ पडलं की येतो तो." काठावरचं उंबर पिकलं होतं, खाली पाण्यात तांबडी फळं तरंगत होती, काही फुटून बुडत होती. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. महसिराला फळ आणि आतले किडे दोन्ही एकदम मिळतात.

उंबराची फ्लाय अशी जमली: आठ नंबरचा मजबूत, आखूड दांड्याचा गळ, त्यावर विटकरी आणि थोडी हिरवट लोकर घट्ट भरून कात्रीने गोल कातरलेली, आत शिशाच्या तारेचे दोनच वेढे. वेढे जास्त झाले की दगडासारखी बुडते, नसले तर वरच राहते आणि लहान मासे टोचून टोचून लोकर उपसतात. ती नाजूकपणे टाकायची नाही. मैदानावर जे अलगद उतरवायला शिकलो ते इथे विसरायचं आणि फांदीखाली आपटायची. पडल्यावर लाइन ओढायची नाही. फळ पोहत नाही.

लागला. गटात पहिल्यांदाच फ्लायवर महसीर, कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढा, कल्ल्यांपाशी सोनेरी आणि परांना निळी झाक. ज्या मुलीला लागला ती गटात सगळ्यात नवी, तिच्या रीलमधून लाइन बाहेर जात होती आणि ती आम्हालाच ओरडून विचारत होती, "दादा, आता काय करू?" काहीच करायचं नव्हतं, फक्त रॉड वर धरायचा होता. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला होता, त्यामुळे पाण्यातच, ओल्या हातांनी, क्षणात सुटला. जागेचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

हाच मासा कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून खुदरी या नावाने शास्त्रात नोंदवला. आज त्या नदीच्या पुलावरून जाताना हे खरं वाटत नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास केली, लाखो पिल्लं देशभर गेली. पण त्यातली कावेरीत सोडलेली पिल्लं तिथल्या मूळ, पाठीला कुबड असलेल्या महसिराच्या मुळावर आली असं आता अभ्यासक सांगतात. तो मासा 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणून गटातल्या एकाने "आपण शाळेच्या मुलांकडून तलावात महसिराची पिल्लं सोडू या" असं सुचवलं तेव्हा मी विरोध केला. फोटो चांगले आले असते.

एप्रिल संपताना सकाळी नऊनंतर रॉड गुंडाळायचे असं ठरवलं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमवून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी जगेलच असं नाही.

तिघे जण हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाऊन आले. परवाना काढला, मासे मिळाले, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. काश्मीरमध्ये 1900 साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांपासून सुरू झालेली ही गोष्ट, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परत आल्यावर तिघांपैकी एकजण म्हणाला की तिथे सगळं तयार होतं, कुठली फ्लाय टाकायची तेही सांगणारा होता. पुढच्या वर्षी तो आमच्याबरोबर जांभळाखाली बसायला येणार आहे.

जांभळाच्या फ्लायचं काम अजून अडलेलं आहे. जांभळी लोकर पाण्यात काळी दिसते आणि आकार लांबट ठेवला की पडताना आवाज नीट येत नाही. आतल्या गाभ्याला चपलेचा रबर आणि वरून लोकर, असा एक नमुना ताईंनी बांधलाय, पण तो तरंगतो. शिशाचे तीन वेढे देऊन तो तलावावर टाकून बघायचा आहे. कुणाकडे याहून चांगली रीत असेल तर बैठकीला नमुना घेऊन या. आणि येताना जुन्या चपला, शक्यतो निळ्या, डॉक्टरांना हव्या आहेत.