उकडलेल्या पिठाचे दोन देश

प्रागच्या झिझकोव्ह भागातल्या एका होस्पोदात आम्ही शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि एकही टेबल पूर्ण रिकामं नव्हतं. होस्पोदा म्हणजे खानावळ आणि बिअरचा अड्डा एकाच छपराखाली. चार खुर्च्यांवर दोघंच बसलेले दिसले, तर "इथे जागा आहे का?" असं विचारून खुशाल बसावं. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आपण असेच बसतो, फक्त विचारत नाही. आमच्या वाट्याला दोन रंगारी आले. दोघांच्या पँटवर चुन्याचे शिंतोडे होते. त्यांनी जरा सरकून जागा दिली आणि पुन्हा ताटात मान घातली.

वेटरच्या चेहऱ्यावर हसू नावालाही नव्हतं. त्याने एक लांबट कागद टेबलावर ठेवला, माझी बिअर आणली आणि कागदावर एक रेघ ओढली. इथे ग्लास संपत आला की न मागता दुसरा येतो आणि कागदावर आणखी एक रेघ उमटते. आता बास, असं सांगायचं असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची. रंगाऱ्यांच्या कागदावर चार रेघा होत्या. संध्याकाळी ते भिंती कशा रंगवतात, हा त्यांचा प्रश्न.

नवरा शाकाहारी, त्यामुळे मेनूकार्ड वाचायचं काम कायम त्याच्याकडे. पदार्थांच्या नावांआधी १५० ग्रॅम, २०० ग्रॅम असे आकडे होते. ते मांसाचं वजन, तेही कच्च्या. समाजवादी राजवटीत खानावळींना पाककृतींची सरकारी मापं पाळावी लागत. राजवट गेली, पण वजन छापायची सवय राहिली. "हे मेनूकार्ड नाही, मटणाच्या दुकानातला फळा आहे," असं म्हणून त्याने खालचा 'बेझमासा', म्हणजे बिनमांसाचा, कोपरा शोधला आणि तीन दिवसांत चौथ्यांदा तळलेलं चीज मागवलं. चीजची जाड लादी, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली. सोबत बटाटा. जोडीला त्याने घेतला कोफोला. कोकाकोला सहजी मिळत नव्हता त्या काळात, १९६० मध्ये, चेकोस्लोव्हाकियाने काढलेलं हे स्वतःचं पेय. पहिल्या घोटालाच तो म्हणाला, "ज्येष्ठमध." बरोबर होतं. त्यात ज्येष्ठमध असतोच. घसा बसल्यावर आजी जे चघळायला द्यायची, ते इथे ग्लासात फसफसत होतं.

मी मागवलं होतं 'कुर्झे ना पाप्रिट्से', म्हणजे पाप्रिकाच्या रश्श्यातली कोंबडी. मी कोल्हापूरची. लाल रस्सा समोर आला की आमच्या कपाळावर आधीच घाम जमतो. इथे मात्र कपाळ कोरडंच राहिलं. रंग तांबड्याचा, स्वभाव पांढऱ्याचा. क्रीम घातलेला, गुळगुळीत, गोडसर आणि तिखटाच्या बाबतीत अगदी निष्पाप. शेजारच्या रंगाऱ्याची थाळी त्याहून चकित करणारी. ती 'स्वीच्कोव्हा'. बीफ मी खात नाही, पण बघायला काय हरकत? गाजर आणि सेलरीच्या कंदाचा वाटून केलेला दाट रस्सा, त्यात मांसाचे काप, त्यावर लिंबाची चकती, लिंबावर क्रॅनबेरीचा मुरांबा आणि शेंड्यावर फेटलेल्या क्रीमचं फूल. मटणाच्या ताटात केक उतरला होता म्हणा ना.

दोन्ही ताटांत सारखी वस्तू एकच, क्नेडलीक. पांढरे, जाड, गोल काप. प्रथम वाटलं, न भाजलेला ब्रेड. ते तसंच असतं जवळजवळ. पीठ, दूध, अंडं, यीस्ट आणि शिळ्या पावाचे तुकडे एकत्र मळून लांबट वळकटी करायची आणि ती पाण्यात उकडायची. कापायची दोऱ्याने. आपण उकडलेलं अंडं कापतो तशी. सुरी लावली तर मऊ वळकटी चेपते. नुसता खाल्ला तर क्नेडलीकला काही चव नाही. पण त्याचं काम चवीचं नाहीच. रश्श्यात टेकवला की टीपकागदासारखा पितो, तरीही विरघळत नाही. भाकरीला जे जमतं, पावाला जे अर्धवट जमतं, ते याला नेमकं जमलंय. कोंबडीची तंगडी मी कधी संपवली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पाच काप संपले आणि ताटात रस्सा उरला.

अशा वेळी कोल्हापुरात नुसतं वर बघितलं तरी पुरतं. इथे कोणाकडे बघायचं? मी काट्याने रस्सा गोळा करायच्या खटाटोपात असताना रंगाऱ्याने ते पाहिलं, वेटरला हाक मारली, माझ्या ताटाकडे बोट केलं. वेटरने आणखी दोन क्नेडलीक आणले. मला भरून वगैरे आलं. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदावर क्नेडलीकचीही नोंद केली.

पुढचा मुक्काम ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी. रेल्वेने चारेक तास. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकिया या एका देशाचे चेक आणि स्लोव्हाकिया असे दोन झाले. आता पासपोर्ट कोणी बघत नाही, पण पाकिटातले कोरुना जाऊन युरो येतात. ताटातल्या वळकटीचेही इथे थेंब होतात. स्लोव्हाकांचे हालुश्की. किसलेल्या बटाट्याचं सैलसर पीठ भोकांच्या चाळणीवरून उकळत्या पाण्यात पाडायचं. झाऱ्याने बुंदी पाडतो तसंच, फक्त तेलाऐवजी पाणी. वर ब्रिंडझा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं आंबूस, मऊ चीज आणि त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे.

नवऱ्याने हॉटेलात पाठ केलेले शब्द वापरले, "बेझ स्लानिनी". चरबीशिवाय. वाढणारी बाई साठीची असेल. तिने दोनदा विचारून खात्री केली, डोळ्यांत काळजी. पांढराशुभ्र वाडगा आला. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "चकोल्या," तो म्हणाला. "आमटीऐवजी चीज, पण चकोल्याच."

तेवढ्यात ती परत आली आणि वाडग्याशेजारी एक छोटी वाटी ठेवून गेली. वाटीत चरबीचे तुकडे.

"आईपण असंच करते," नवरा म्हणाला. "तूप नको म्हटलं की वाटीत घालून ताटाशेजारी ठेवते."

वाटी त्याने माझ्याकडे सरकवली. बाई काउंटरमागून बघत होती. मी एक तुकडा उचलला तेव्हा कुठे ती आत गेली.