लंबक, सर्पगंधा आणि मिरगी

नववीत विज्ञानाच्या सरांनी लंबकाचा प्रयोग करायला लावला होता. आमच्या गटाने दोरा आखूड केला आणि गोळाही बदलला. सर म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदला रे. नाहीतर फरक कशाने पडला, कसं सांगाल?" नागपूरच्या महाल भागातल्या त्या प्रयोगशाळेतलं हे वाक्य पुढे अमरावती रोडला फार्मसी शिकताना आणि मग मिरगीवरच्या संशोधनात मला सतत उपयोगी पडलं.

सर्पगंधेच्या मुळातून १९५२ साली रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावरचं हे औषध मेंदूतला सेरोटोनिनचा, म्हणजे पेशीपेशींत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, साठा रिकामा करतं. ते दिलेला उंदीर लगेच ओळखू येतो: पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पाठीला बाक, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गप्प बसलेला. आणि त्याला एरवीपेक्षा कमी विजेच्या धक्क्याने झटका येतो. मग सेरोटोनिन संपल्यामुळेच झटके येतात म्हणायचं का? नाही! रेसर्पिन नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामाइन ही निरोप पोचवणारी आणखी दोन रसायनंही रिकामी करतं. म्हणजे दोराही आखूड, गोळाही बदललेला.

एकट्या सेरोटोनिनलाच हात लावायचा तर त्यासाठी पॅरा-क्लोरोफिनाइलअॅलनिन, म्हणजे पीसीपीए, हाती आलं. त्याचा गुण १९६६ मध्ये समजला. सेरोटोनिन तयार करणारं विकर ते अडवतं, इतर दोन रसायनांना फारसा धक्का लावत नाही. तरीही काही प्रयोगांत झटके सहज येऊ लागले. सगळ्यांत नाही, झटक्याचा प्रकार बदलला की उत्तरही बदलतं. पण सेरोटोनिन मेंदूला आवर घालतं, ही शंका तिथे पक्की होत गेली. एकेकाळी वजन घटवायला दिलं जाणारं फेनफ्लुरामिन सेरोटोनिन वाढवतं. हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये ते अमेरिकेतल्या बाजारातून गेलं, आणि २०२० मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोमच्या, म्हणजे तान्हेपणीच सुरू होणाऱ्या एका अवघड मिरगीच्या, लेकरांसाठी, हृदयाच्या तपासणीच्या अटीवर, परत आलं. या बातमीने मला झालेला आनंद सांगता येणार नाही.

कारण आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फिट यायची. कोणी कांदा हुंगवायला धावायचं, कोणी चप्पल. घरच्यांनी दहावीआधीच तिची शाळा सोडवली. ती हुशार होती, माझ्यापेक्षा नक्कीच.

आता शाळेत असलेल्या मुलामुलींनो, वर्गात कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर नाही तर स्वेटर सरकवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाकावर बसा.