ॲल्युमिनियमचा पापुद्रा

ॲल्युमिनियमकडे पाहून तो किती तापट धातू आहे, याची शंकासुद्धा येत नाही. हवा लागायचा अवकाश, की तो ऑक्सिजनला धरतो आणि अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण त्याची सगळी मदार त्यावरच. लोखंडाच्या गंजाचे पोपडे गळतात आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हा पापुद्रा मात्र घट्ट बसतो.

म्हणून ॲसिडला आधी त्याच्याशीच भांडावं लागतं. फॉइलच्या तुकड्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं, की सुरुवातीला काहीच होत नाही. तुकडा ढिम्म. मग कडेला एखादा बुडबुडा धरतो, शेजारी दुसरा, आणि बघता बघता फसफस सुरू होते. उष्णता वाढते तसा वेगही वाढतो, फॉइलची चाळण होते, पाणी करडं पडतं. वर येणारा वायू हायड्रोजन, तेव्हा जवळ काडी ओढायचं धाडस कुणी करू नये. बरं, कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीपुढेही या पापुद्र्याची तीच गत. दोन्हीकडून मार!

मला खरी मौज वाटते ती नायट्रिक ॲसिडची. विरल असताना ते ॲल्युमिनियम कुरतडतं, आणि ८० टक्क्यांच्या वरचं तीव्र ॲसिड मात्र चक्क ॲल्युमिनियमच्या टाक्यांत साठवतात. ते स्वतःच पापुद्रा राखतं! ॲसिड जितकं जहाल तितकी नासाडी मोठी, हा आपला हिशेब इथे साफ कोलमडतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड तर रसायनशास्त्राच्या व्याख्येने 'दुर्बळ', पण ते काच खातं. म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावं लागतं. (कातडीवर पडलं तर आत मुरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं. दुर्बळ म्हणे!)

सोनं एकट्या नायट्रिकला दाद देत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकलाही नाही. दोघं एकत्र आले, की विरघळतं. १९४० साली नाझी फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा ती त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज डी हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं याच मिश्रणात विरघळवली. बाटली फळीवर तशीच राहिली. युद्धानंतर त्यातलं सोनं परत काढून पदकं नव्याने पाडली गेली.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर कारखानदारांनी ॲसिडलाच कामाला जुंपलंय. सल्फ्युरिक ॲसिडच्या हौदात ॲल्युमिनियम बुडवून वीज सोडली, की तोच पापुद्रा हजारो पटींनी जाड होतो. खिडक्यांच्या चौकटींवरचं ॲनोडायझिंग ते हेच. त्यातल्या बारीक छिद्रांत रंगही भरता येतो.