चाळीस गॅलनांचा संसार

आमच्या आरव्हीतल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक पिवळट चिठ्ठी चिकटवलेली होती. आधीच्या मालकाने तिच्यावर जाड पेनाने तीन आकडे लिहून ठेवले होते : स्वच्छ पाणी ४०, सांडपाणी ३०, मैला २८. आकडे गॅलनांचे होते, एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. गाडी विकत घेताना आम्ही इंजिन पाहिले, टायर पाहिले, चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यासारख्या पलंगावर दोन्ही मुले मावतात की नाही हे त्यांना झोपवून पाहिले. त्या चिठ्ठीकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. पुढे ॲरिझोनातले फिनिक्स ते अलास्कातले फेअरबँक्स या साडेतीन हजार मैलांच्या वाटेवर त्या तीन आकड्यांनीच आम्हाला चालवले.

२०२३ च्या उन्हाळ्यात, ३० जूनपासून, फिनिक्सचा दुपारचा पारा सलग एकतीस दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने त्रेचाळीस अंश सेल्सिअसच्या खाली उतरला नव्हता. त्या महिनाभरात आम्ही घरातल्या घरात जे काही बोललो, त्याचे फळ म्हणून नवऱ्याने अलास्कातल्या विद्यापीठातली नोकरी स्वीकारली, असे मी मानते. तो कारणे वेगळी सांगतो. जड सामान टॅकोमाच्या बंदरातून जहाजाने रवाना झाले आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, त्या चोवीस फुटी गाडीत बसलो. निरोप द्यायला आलेल्या प्रत्येक मराठी मित्राने 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याच्या आनंदाने ऐकवली. फिनिक्समध्ये घराघरांत खरे विंचू निघत असल्यामुळे आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही अशी सवय असल्यामुळे मला त्या प्राण्याचे एवढे कौतुक नव्हते. शिवाय विंचवाला पाण्याची टाकी वाहून न्यावी लागत नाही.

पहिला मुक्काम पेज या गावाजवळ, लेक पॉवेलच्या काठी पडला. तिथे नळाची, विजेची, सांडपाण्याची कसलीच जोडणी नव्हती. 'कशाला हवी? आपले सगळे आपल्याजवळ आहे,' असे नवरा म्हणाला आणि ते आम्हाला पटले. मुलीने केस धुऊन सावकाश आंघोळ केली, तिच्यामागून धाकट्याने केली, मी मसुराची आमटी आणि भात करून सगळी भांडी वाहत्या नळाखाली घासली. रात्री नऊच्या सुमारास धाकटा न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणाला, 'आई, इथे आमटी येतेय.' खरोखरच येत होती. सांडपाण्याची टाकी भरल्यामुळे पाणी उलटे फिरून सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीतून, वर येत होते, आणि त्या राखाडी, साबणाच्या फेसाळ पाण्यावर मसुराचे चार-पाच दाणे शांतपणे गोल फिरत होते. चाळीस गॅलन वापरायला असले तरी ते ओतायला जागा तीसच गॅलनांची आहे, ही साधी वजाबाकी आम्हाला त्या दाण्यांनी शिकवली. बाहेर चांदण्यात अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक पसरलेला होता, आणि आम्ही आत एका प्लॅस्टिकच्या मगाने मोरी उपसत होतो.

सासूबाईंनी त्या रात्री पदर खोचला. त्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. माणगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक पाहिलेले त्यांचे बालपण. फिनिक्सला पहिल्यांदा आल्या तेव्हा गरम पाणी येईपर्यंत वाहून जाणारे गार पाणी त्या न्हाणीघरात बादली लावून धरत आणि कढीपत्त्याच्या कुंडीला घालत. माझ्या मागून येऊन नळ बंद करण्याचीही त्यांना सवय होती. मी डोंबिवलीची, पाणी येण्याची वेळ मला पाठ असली, तरी ते एकदा आले की मोजायचे नसते, हा माझा समज होता. 'आई, इथे पाण्याची टंचाई नाही हो,' असे मी त्यांना एकदा जरा तुटकपणे म्हटले होते, आणि तेही कुठे, तर भर वाळवंटात वसलेल्या ज्या शहरासाठी कोलोराडो नदीचे पाणी पंपांनी चढवून ३३६ मैलांच्या कालव्यातून आणावे लागते, त्या शहरात! त्या काही बोलल्या नव्हत्या. कढीपत्त्याला मात्र पाणी मिळत राहिले.

गाडीतला कारभार त्यांनी हाती घेतल्यावर नळ हा केवळ भरण्यासाठी उरला. ताटे आधी पोळीच्या तुकड्याने आणि मग कागदाने इतकी पुसली जात की धुवायला केवळ तेलकटपणा राही. मग दोन पातेली : एकात साबणाचे पाणी, दुसऱ्यात विसळण्याचे. पहिल्यातून निघालेले भांडे दुसऱ्यात जाई. सकाळचे विसळण दुपारच्या घासणीला येई. तांदळाचे दुसरे धुवण आमटीत पडे. आंघोळीसाठी प्रत्येकाला अर्धी बादली, आणि तीही गॅसवर तापवलेले एक पातेले गारात मिसळून, कारण गरम नळाची धार कोमट होईपर्यंत वाया जाणारे पाणी त्यांना बघवत नव्हते. मुलीने सुरुवातीला कुरकुर केली. मग अर्ध्या बादलीत डोक्यावरून न्हाऊन शेवटचा तांब्या शिल्लक ठेवण्याची तिच्यात आणि आजीत पैज लागू लागली. पहिल्या मुक्कामी एका रात्रीत संपलेले पाणी माँटानात पोचेपर्यंत अडीच दिवस पुरू लागले होते.

टाकी किती भरली आहे हे दाखवणारे चार दिवे दाराजवळ असतात : रिकामी, एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश, भरलेली. यांतला मैल्याच्या टाकीचा दिवा आरव्हीवाल्यांच्या जगात खोटारडा म्हणूनच प्रसिद्ध आहे. टाकीतल्या पातळी मोजणाऱ्या खिळ्यांना कागद चिकटून बसतो आणि टाकी नुकतीच रिकामी केलेली असली तरी दिवा दोन-तृतीयांशावर अडून राहतो. नवरा त्या दिव्याकडे पाहून चिंता करी. सासूबाई गाडीच्या बाजूला जाऊन टाकीवर बोटाची गाठ वाजवून बघत, गावाकडे पाण्याच्या पिंपावर वाजवून बघतात तशी, आणि त्यांचा अंदाज सहसा बरोबर निघे.

टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेला कॅनडात 'सॅनी-डम्प' म्हणतात. जमिनीत एक झाकण, त्यात बसवायची आकुंचन पावणारी जाड नळी, हातात रबरी मोजे. क्रम ठरलेला : आधी मैल्याची झडप ओढायची, ती टाकी पूर्ण रिती होऊ द्यायची, मग सांडपाण्याची झडप, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. पंचवीस वर्षे संगणकापुढे बसलेल्या माझ्या नवऱ्याने हे काम पहिल्यांदा तोंड फिरवून केले आणि नंतर नंतर त्यात एक प्रकारचा अभिमान बाळगू लागला. आरव्हीच्या जाहिरातींत सूर्यास्ताकडे जाणारा मोकळा रस्ता असतो, ही नळी कधीच नसते. मी राहिलेल्या घरांमध्ये इतके बांधून ठेवणारे घर दुसरे नव्हते : इथे आत घेतलेला प्रत्येक थेंब दोनदा हाताळावा लागतो, एकदा येताना आणि एकदा जाताना. सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. भांड्यांचे पाणी या भोकात कशाला घालायचे, एखाद्या झाडाच्या बुडात का सोडायचे नाही? त्यांच्या परसात न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला जाते. तसे करायला इथे बंदी आहे हे सांगितल्यावर त्या दूरवर पसरलेल्या कोरड्या गवताकडे बराच वेळ बघत राहिल्या.

ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीक गावात अलास्का महामार्गाचा शून्य मैलाचा खांब आहे. सगळे जण तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला. पर्ल हार्बरनंतर अलास्काला जोडणारा जमिनीवरचा रस्ता हवा म्हणून अमेरिकी लष्कराने १९४२ च्या मार्चमध्ये काम हाती घेतले आणि त्याच वर्षीच्या २० नोव्हेंबरला क्लुआनी सरोवराच्या काठी, बर्फात, फीत कापली, ही हकीकत मी मुलांना वाचून दाखवत होते. दहा हजारांहून अधिक सैनिक होते, त्यांतले सुमारे एक-तृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. सासूबाईंनी मध्येच विचारले, 'खडी कुनी फोडली?'

हा प्रश्न माझ्या पुस्तकाने विचारलेला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई आणि दहा वर्षांच्या सासूबाई धाकट्या भावाला कडेवर घेऊन मागे जात, कारण कामावर सुकडी मिळे. रस्ता कसा होतो हे आमच्या गाडीत त्या एकट्यांनी जवळून पाहिले होते. मग मी पुढे वाचले : उत्तरेकडे जमिनीखाली बारमाही गोठलेला थर आहे, सैनिकांनी सुरुवातीला वरचे शेवाळ खरवडून काढले तेव्हा उघडा पडलेला बर्फ वितळून चिखल झाला आणि गाड्या त्यात रुतल्या, मग शेवाळ तसेच राहू देऊन त्यावर झाडांचे ओंडके आडवे अंथरले आणि वर माती टाकली. 'पानी वरनं न्हाई आलं तर खालनं येतंच,' एवढे बोलून त्या पोळ्यांकडे वळल्या.

फोर्ट नेल्सन सोडल्यावर दोन दिवस आम्ही आंघोळीला फाटा दिला होता. याचे कारण लिआर्ड नदीकाठचे गरम पाण्याचे झरे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आत जाते. दोन्ही बाजूंना पाणथळ, हिरवेगार आणि डासांनी भरलेले. मग झाडीतच गंधकाच्या वासाचे वाफाळते कुंड. १९४२ चे सैनिकही इथे येऊन न्हात. सासूबाई पंजाबी ड्रेस घालून काठाच्या पायरीवर बसल्या, पाय आत सोडले आणि 'वज्रेश्वरी!' म्हणाल्या. मग गळ्यापर्यंत उतरल्या. झऱ्याच्या तोंडाशी पाणी पन्नास अंशांच्या घरात असते, तिथून जितके लांब सरकावे तितके सोसवते. मुले अंग भाजेल एवढ्या जवळ जाण्याची शर्यत लावत होती. त्या मात्र एका जागी डोळे मिटून बसून राहिल्या. वाहते, ऊन आणि न मोजलेले पाणी. साबण लावायला मनाई होती याची हळहळ त्यांनी रात्री झोपताना व्यक्त केली. मी त्यांना पाण्यात इतका वेळ बसलेले त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांना बाहेर यायला सांगण्याचा धीर नवऱ्यालाही झाला नाही.

युकॉनमधून जाताना रात्र संपूनच गेली. खिडक्यांना चंदेरी कागद लावून झोपावे लागे आणि मुले अकरा वाजता उन्हात खेळायला मागत. क्लुआनी सरोवर ओलांडून अलास्काच्या सीमेकडे जाऊ लागलो तसा खालच्या गोठणाऱ्या-वितळणाऱ्या जमिनीने रस्ता लाटांसारखा केला होता. प्रत्येक लाटेवर कपाटे उघडत, मिसळणाचा डबा एकदा उपडा होऊन सगळी गाडी हळदीची झाली, आणि पायाखालच्या टाकीत पाणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटल्याचा आवाज येई. त्या आवाजावरून पाणी किती उरले ते आता आम्हा सगळ्यांनाच कळू लागले होते. 'अर्धी,' धाकटा मागून ओरडे. तो बहुधा बरोबर असे.

फेअरबँक्समध्ये भाड्याने घेतलेले घर गावाबाहेरच्या टेकडीवर, बर्च झाडांत आहे. दोन खोल्या दाखवून झाल्यावर घरमालकाने आम्हाला गॅरेजमध्ये नेले आणि एका कोपऱ्यातल्या हजार गॅलनांच्या टाकीवर हात ठेवला. इथल्या टेकड्यांवर गावचा नळ पोचत नाही; कुठे जमीन गोठलेली, कुठे विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक. कित्येक जण तर नळच नसलेल्या लाकडी घरांत राहतात आणि गावातून पिंपे भरून आणतात. आमच्याकडे पाणी विकत येईल, फोन करायचा, एवढेच. घरमालक हे सारे जरा ओशाळून सांगत होता, वाळवंटातल्या मोठ्या शहरातून आलेल्या माणसांना हे कसे जमेल या काळजीने. मी अनुवाद करून सांगितल्यावर सासूबाईंनी टाकीवर बोटाची गाठ वाजवली आणि ती जवळजवळ रिकामी असल्याचे जाहीर केले.

तिसऱ्या दिवशी चढावर घरघर ऐकू आली. झाडांतून आधी निळी केबिन आणि मग तिच्यामागचे लांबट, चकाकते पोट दिसले.

'आगं, ह्यो तर टँकर!' सासूबाई म्हणाल्या आणि चपला न घालताच पायऱ्या उतरल्या.

गावाकडे टँकर आला की हंडे-कळशा घेऊन सगळी आळी धावते. इथे अंगणात दुसरे कोणीही नव्हते. चालकाने नळी ओढून भिंतीतल्या तोंडाला जोडली, पंप सुरू केला आणि मोबाइलमध्ये बघत उभा राहिला. जोड नीट बसला नव्हता. त्याच्या कडेने बारीक धार खाली खडीवर गळत होती. सासूबाई घरात जाऊन तांब्या घेऊन आल्या आणि तो धारेखाली धरून, भरेपर्यंत, तिथेच उकिडव्या बसल्या.